समुद्र थांबत नाही, मग चित्र पूर्ण कसे करायचे?

प्रश्न : अनेक वर्षे मी घरीच, छायाचित्रे समोर ठेवून, जलरंगात निसर्गचित्रे काढत आले. या उन्हाळ्यात प्रथमच समुद्रकिनाऱ्यावर होणाऱ्या निसर्गचित्रणाच्या कार्यशाळेत नाव घातले. कार्यशाळा दोन आठवड्यांची आहे. पहिला आठवडा झाला असून दुसरा मधल्या सुट्टीनंतर सुरू होईल. पहिल्या आठवड्यात माझे एकही चित्र पूर्ण झाले नाही. रेखाटन होईपर्यंत सावल्या सरकतात, लाटा पाहत बसले तर हात थांबतो आणि दुरुस्त्या करता करता रंग मळतात. माझ्यानंतर शिकू लागलेले लोक तासाभरात चित्र संपवून मोकळे होतात. शेवटी एके दिवशी मी मोबाइलवर फोटो काढला आणि खोलीत बसून निवांतपणे चित्र केले. ते सगळ्यांना आवडले, शिक्षकांनी मात्र काही न बोलता ते बाजूला ठेवले. उरलेल्या आठवड्यात मी फोटोवरूनच काम करू का? की उघड्यावर बसून रंगवणे हा माझा पिंडच नाही असे समजून जाऊच नको?

उत्तर : दुसऱ्या आठवड्याला अवश्य जा आणि तेथे फोटोवरून काम करू नका. शिक्षकांनी ते चित्र बाजूला ठेवले हे योग्यच झाले. न बोलता ठेवले हे मात्र मला पटले नाही, कारण त्यामागचे कारण तुम्हाला त्याच वेळी कळले असते तर तुमचा निम्मा गोंधळ तेथेच मिटला असता.

खोलीतले चित्र चांगले उतरले, कारण त्यातले बहुतेक निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेऊन ठेवले होते. दृश्य कोठे कापायचे, सावलीत किती तपशील दिसू द्यायचा, आकाश किती फिकट ठेवायचे आणि हजारो लाटांपैकी कोणती पकडायची, हे सगळे ठरलेलेच तुमच्या हातात आले आणि तुम्ही ते नीट उतरवून काढले. किनाऱ्यावर हेच निर्णय तुम्हाला स्वतः घ्यावे लागतात, तेही लवकर. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की आपला हात मंद आहे. मला तसे वाटत नाही. वर्षानुवर्षे जलरंगात काम केलेला हात मंद नसतो. निर्णय लांबणीवर पडतो आणि तो होईपर्यंत समोरचे दृश्य बदलून जाते, असे तुमच्या बाबतीत होत असावे.

थोडा हिशेब करून पाहा. सूर्य आपल्या मार्गावर तासाला 15 अंश सरकतो. सकाळी 8 वाजता बसून तुम्ही 10 वाजता उठलात, तर तो 30 अंश पुढे गेलेला असतो, खडकाची सावली आखूड झालेली असते, तिची दिशा बदललेली असते आणि 8 वाजता पिवळसर दिसणारा वाळूचा उजेड जवळजवळ पांढरा झालेला असतो. तुम्ही डावीकडचा खडक 8 वाजता आणि उजवीकडचा साडेनऊ वाजता रंगवला, तर दोन वेगवेगळ्या वेळा एकाच कागदावर येतात आणि चित्रात काहीतरी चुकले आहे एवढेच बघणाऱ्याला जाणवत राहते. त्यावर तुम्ही पहिल्या खडकाची सावली नव्याने जुळवायला जाता. तुमच्या रंगांचे मळणे बहुधा तेथूनच सुरू होते.

ही अडचण नवशिक्यांचीच आहे असे नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने 1880च्या दशकात फ्रान्समधल्या एत्रता या समुद्रकाठच्या गावी रंगवत असताना लेखक गी द मोपासाँ यांनी त्यांना पाहिले होते. एकाच दृश्याचे, पण निरनिराळ्या वेळांचे पाच-सहा कॅनव्हास मुलांच्या हाती देऊन मोने निघत, आणि आकाश बदलले की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेत. प्रकाशामागे धावण्याऐवजी त्यांनी एकेका कॅनव्हासला एकेक वेळ नेमून दिली होती. तुमच्याजवळ एक आठवडा आहे, त्यामुळे हीच पद्धत लहान प्रमाणावर वापरता येईल : सकाळच्या पहिल्या बैठकीचा एक कागद आणि दुपार कलल्यानंतरच्या बैठकीचा दुसरा. दुसऱ्या दिवशी हवा तशीच असेल तर त्याच वेळी त्याच जागी बसून कालचा कागद पुढे न्या, नसेल तर नवा घ्या. भर दुपारी काम करू नका. त्या वेळी सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात, आकार सपाट दिसतात आणि डोळेही थकलेले असतात.

आता निर्णयांविषयी. तुम्ही कोणत्या आकाराच्या कागदावर काम करता हे पत्रात नाही, पण घरी मोठे कागद वापरण्याची सवय असणारच. दुसऱ्या आठवड्याचे पहिले तीन दिवस सुमारे 6 बाय 8 इंचांपेक्षा मोठा कागद घेऊ नका आणि प्रत्येक अभ्यासचित्राला 30 ते 40 मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. रंग उघडण्याआधी, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे पेन्सिलीचे एक रेखाटन करा आणि त्यात फक्त तीन छटा ठेवा : उजेड, मधला टोन आणि गडद. डोळे बारीक करून पाहिले की तपशील विरघळतात आणि हे तीन गट आपोआप वेगळे होतात. सावल्या कोठे आणि कोणत्या आकाराच्या आहेत हे या चिमुकल्या रेखाटनात पहिल्या दहा मिनिटांत ठरते, आणि एकदा ठरले की पुढे समोरची सावली हातभर सरकली तरी कागदावरची हलवायची नाही. रंगवताना दृश्याकडे रंगासाठी पाहा, सावलीच्या जागेसाठी आपल्या रेखाटनाकडे पाहा. उघड्यावरच्या चित्रणातली ही एक गोष्ट तुम्ही या आठवड्यात अंगी बाणवलीत, तर बाकीच्या गोष्टी मागून आल्या तरी चालतील.

तपशिलाचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांच्यासाठी समुद्रकाठच्या उन्हाळी वर्गांत एक जुना उपाय सापडतो. चित्रकार चार्ल्स हॉथॉर्न यांनी 1899 मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिन्सटाउन येथे किनाऱ्यावर चित्रकलेची शाळा काढली. तेथे ते मॉडेलला उन्हाकडे पाठ करून उभे करीत, चेहरा टोपीच्या सावलीत जाई, आणि विद्यार्थ्यांच्या हातात ब्रशऐवजी रुंद पात्याची सुरी देत. नाकडोळे दिसत नसत आणि दिसले असते तरी त्या सुरीने काढता आले नसते. उरत ते फक्त उन्हातले आणि सावलीतले रंगाचे मोठे ठिपके, आणि ते शेजारी शेजारी बरोबर पडले की माणूस उभा राही. तुम्ही जलरंगात आहात, त्यामुळे सुरी नको, पण तुमच्याजवळचा सर्वांत मोठा ब्रश घेऊन पहिले पाऊण चित्र त्यानेच करा आणि बारीक ब्रश पिशवीतून बाहेर काढू नका.

लाटांचे थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा हात तेथेच थांबतो असे तुम्ही म्हणता. लाट काढायची तर ती पकडावी लागते असे वाटते, आणि ती पकडता येत नाही म्हणून हात अडतो. प्रत्यक्षात लाटेच्या हालचालीत बरेच काही स्थिर असते. लाटेची उंची तेथल्या पाण्याच्या खोलीच्या साधारण तीन-चतुर्थांशापर्यंत आली की ती फुटते. खाली तळ जागचा हलत नाही, म्हणून भरतीची पातळी तीच असेपर्यंत साधारण सारख्या उंचीच्या लाटा एकाच पट्ट्यात फुटत राहतात. ब्रश खाली ठेवून दहा मिनिटे नुसते पाहा. फेसाची रेघ कोठे उठते, खडकाच्या कोणत्या बाजूने पाणी वर चढते, परतीचे पाणी वाळूवर कोणत्या वळणाने पसरते, हे पुन्हा पुन्हा तेच घडताना दिसेल. मग एखादी विशिष्ट लाट न काढता त्या जागेची लाट काढा. एका लाटेचा माथा, दुसरीचा उतार आणि तिसरीचा फेस एकत्र आला तरी ते खोटे होत नाही.

रंगाच्या बाबतीत समुद्राविषयीच्या दोन-तीन ठाम समजुती सोडाव्या लागतील. फेस पांढरा असतो ही पहिली. उन्हातला फेस पांढरा असतो. लाटेच्या सावलीकडच्या बाजूचा फेस निळसर करडा असतो आणि पुष्कळदा उन्हातल्या कोरड्या वाळूपेक्षाही गडद असतो. दोन्हीकडे कोरा कागद सोडलात तर लाट कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते. समुद्र निळा असतो ही दुसरी समजूत. पायाजवळच्या पाण्यात आपण वरून खाली पाहतो, त्यामुळे तळाची वाळू आणि पाण्याचा स्वतःचा हिरवट किंवा मातकट रंग दिसतो. दूरच्या पाण्यावर नजर तिरकी पडते आणि तेथे मुख्यतः आकाशाचे प्रतिबिंब दिसते. वारा असेल तर दूरच्या लाटांचे आपल्याकडे झुकलेले उतार क्षितिजालगतचे फिकट आकाश न दाखवता त्याच्या वरचे गडद आकाश दाखवतात, आणि म्हणूनच पाण्याची दूरची कड आकाशाहून स्पष्टपणे गडद दिसते. ही कड सरळ आणि आडवी हवी. ती किंचित कलली तरी सगळा समुद्र एका बाजूला सांडतो, तेव्हा पट्टी वापरायला संकोच करू नका. उगवतीचे किंवा मावळतीचे ऊन लाटेच्या मागून येत असेल, तर फुटण्याआधी माथ्याजवळ पातळ झालेल्या पाण्यातून ते आरपार येते, आणि सबंध चित्रातला सर्वांत तेजस्वी हिरवा तेथे सापडतो. तो एकाच जागी वापरा.

ओली वाळू आरसा असते, पण थोडा काळवंडलेला : तिच्यात आकाश दिसते ते मूळ आकाशापेक्षा एक टोन खाली, म्हणजे थोडे गडद. माणसे काढायची असतील तर क्षितिजरेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते हे लक्षात ठेवा. सपाट किनाऱ्यावर तुम्ही उभे राहून चित्र काढत असाल, तर तुमच्याच उंचीची उभी असलेली माणसे जवळची असोत वा लांबची, त्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. तुम्ही बसलात की तीच रेषा त्यांच्या कमरेच्या आसपास जाते. एवढ्याने आकृत्यांचे प्रमाण आपसूक जुळते.

रंग मळण्यामागे अर्धवट निर्णयाखेरीज हवेचाही हात आहे. समुद्रकाठी हवा दमट असते, त्यामुळे कागद घरच्यापेक्षा उशिरा वाळतो, आणि घरच्या अंदाजाने तुम्ही अर्धवट ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या थरावर, दुसरा थर चढवता. कागद लावलेले दोन बोर्ड सोबत ठेवा; एकावरचा वॉश वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करा. रंगाच्या नळ्याही कमी करा. अल्ट्रामरीन (गडद निळा), एक थंड म्हणजे हिरवट झाकेचा निळा, बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी), येलो ऑकर (मातकट पिवळा) आणि एक थंड म्हणजे जांभळट झाकेचा लाल एवढ्यावर हा आठवडा सहज निघेल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना कमी-जास्त मिसळून ढगांपासून ओल्या खडकांपर्यंत लागणारे बहुतेक करडे रंग मिळतात आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत. ब्रश धुण्याचे आणि रंगात घालण्याचे पाणी वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा. समुद्राचे पाणी वापरण्याची हौस काहींना असते. ती टाळावी, कारण मीठ कागदात राहते आणि दमट हवेत पुढेही ओलावा ओढत राहते.

कागद आणि पॅलेट दोन्ही एकाच उजेडात, शक्यतो सावलीत हवेत. थेट उन्हात रंगवलेले चित्र तेथे झगझगीत दिसते, म्हणून आपण ते नकळत गडद करत जातो आणि खोलीत आणल्यावर ते काळोखलेले निघते. छत्री पांढरी किंवा करडी घ्या. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तिचाच रंग पसरतो. गॉगल लावून रंग मिसळू नयेत. ईझल (चित्र ठेवायची तिवई) वापरत असाल तर त्याच्या मधोमध दगडांची किंवा वाळूची पिशवी टांगा. वाऱ्यापुढे कोणाची मिजास चालत नाही : लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोने यांचे 1870 मधले, फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्याचे चित्र आहे, त्याच्या रंगात किनाऱ्यावरच्या वाळूचे कण अडकलेले सापडले आहेत. पुढे कधी तैलरंगाकडे वळलात तर एवढे जपा की जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

भरतीचे वेळापत्रक रोज सकाळी पाहा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणजे कालच्या वेळेपेक्षा आजची भरती साधारण 50 मिनिटे उशिरा येते. कालच्याच वेळी त्याच खडकांपाशी आलात तरी पाणी वेगळ्या उंचीवर असेल, हे अपुऱ्या चित्राकडे परतताना ध्यानात घ्यावे लागते. हा प्रश्न केवळ चित्रापुरता नाही. 1885 मध्ये एत्रता येथेच मोने कड्याखाली रंगवत बसले होते. ओहोटी आहे अशा समजुतीत त्यांनी लाटांकडे पाहिले नाही आणि एका मोठ्या लाटेने त्यांना सामानासकट ओढून नेले. ते वाचले, साहित्य गेले. कड्याच्या पायथ्याशी किंवा ज्या खडकावरून परतायला एकच वाट आहे अशा जागी एकटे बसू नका, दृश्य कितीही चांगले असले तरी.

तासाभरात चित्र संपवणाऱ्या सोबत्यांविषयी मला फारसे सांगायचे नाही. त्यांतल्या काहींना खरोखर नेमके दिसत असेल आणि काहींनी घरून आणलेली ठरावीक लाट तेथे बसून पुन्हा काढली असेल. कोणाचे काय आहे हे सहाध्यायी आणि शिक्षक दोघांनाही दोन दिवसांत कळते. तुम्ही तुमच्या कागदांच्या मागे दिवस, वेळ, वारा आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहीत चला. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी 1821-22 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे केलेल्या ढगांच्या अभ्यासचित्रांवर अशा नोंदी आहेत, आणि समुद्रकाठी आकाशाची पेस्टल (रंगीत खडूंची) चित्रे करणारे फ्रेंच चित्रकार युजेन बुदँ हेही वेळ आणि वारा टिपून ठेवत. 1859 मध्ये फ्रेंच कवी बोदलेअर यांनी त्या पेस्टलांविषयी लिहिले की नोंद हाताने झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता यावा. तुमच्या अभ्यासचित्रांसाठीही हीच कसोटी लावा. तीन दिवसांनंतर आपलेच कागद पालथे ठेवून मिसळा आणि उलटून पाहताना कोणता सकाळचा, कोणता संध्याकाळचा हे ओळखता येते का ते बघा. ओळखता आले तर ते कागद अपुरे असले तरी कामाचे आहेत.

फोटोला मी वर्ज्य मानत नाही. नावेची शिडे-दोऱ्या कशा बांधल्या आहेत, खडकाला भेग कोठे आहे, अशा माहितीसाठी तो जरूर घ्यावा, पण अभ्यासचित्र आटोपल्यावर घ्यावा आणि कार्यशाळा संपेपर्यंत उघडू नये. घरी गेल्यावर अभ्यासचित्रावरून मोठे चित्र करायला बसाल, तेव्हा रंग आणि टोन अभ्यासचित्रातून घ्या, फोटोतून फक्त बांधणी घ्या. दोन्ही शेजारी ठेवलेत की सावल्यांमध्ये फरक दिसेल : फोटोतल्या सावल्या अनेकदा काळ्या किंवा एकरंगी झालेल्या असतात, तुमच्या कागदावर मात्र त्यांत आकाशाचा निळा आणि वाळूवरून परतलेला ऊबदार उजेड आलेला असेल, निदान यायला हवा.

मधल्या सुट्टीत रोज एकदा खिडकीशी किंवा अंगणात बसून घड्याळ लावा आणि 20 मिनिटांत, एकाच गडद रंगाने, फक्त तीन छटांत समोर दिसेल ते उतरवा. विषय शोधत फिरू नका. वेळ संपली की हात उचला, अर्धे राहिले असले तरी. हा सराव कंटाळवाणा आहे हे मान्य. रंग आणि समुद्र दोन्ही नसताना निर्णय घेण्याची सवय लागावी म्हणून तो सांगतो आहे.

आणि दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी ते फोटोवरचे चित्र शिक्षकांपुढे पुन्हा ठेवून, बाजूला का ठेवले, असे सरळ विचारा. त्याचबरोबर त्यांनी एक अभ्यासचित्र तुमच्यासमोर सुरुवातीपासून करून दाखवावे अशी विनंती करा, आणि ते रंगवत असताना कागदाकडे कमी, त्यांच्या नजरेकडे जास्त लक्ष ठेवा : ते दृश्याकडे किती वेळा पाहतात, ब्रश टेकवण्याआधी किती थांबतात आणि कोणत्या गोष्टीकडे पाहूनही ती मुद्दाम सोडून देतात.